व्हॅक्युममध्ये भट्टीचं कवच गार, नायट्रोजनमध्ये गरम: दाबाने सिरॅमिकची उष्णतावाहकता बदलते का?

रबाळे_भट्टी:

मंडळी, रबाळे एमआयडीसीत आमचं हीट ट्रीटमेंटचं छोटं युनिट आहे. त्यातल्या एका चेंबर भट्टीला हवाबंद स्टीलचं कवच आहे आणि आत सिरॅमिक फायबर ब्लँकेटचे थर आहेत. घनता १२८ किलो प्रति घनमीटर, एकूण जाडी २०० मिमी. कामाप्रमाणे ही भट्टी कधी नायट्रोजनमध्ये चालते, कधी रोटरी पंप लावून व्हॅक्युममध्ये. आतलं तापमान दोन्ही वेळा ९०० अंशच असतं. पण नायट्रोजनमध्ये कवच ७५-८० अंशांवर जातं, आणि व्हॅक्युम नीट लागला की साठीच्या खाली येतं. स्थिर तापमानाला वीजही कमी लागते.

इन्सुलेशन पुरवणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, उष्णतावाहकता हा मालाचा गुण आहे, तो दाबाने बदलत नाही, तुमचं थर्मोकपल तपासा. थर्मोकपल तपासून घेतलं, ते ठीक आहे. त्याच्या डेटाशीटवर तापमानाप्रमाणे आकडे आहेत, दाबाचा रकाना मात्र नाही.

आता एका ग्राहकाला क्रॅक्ड अमोनियात काम करून हवं आहे, म्हणजे भट्टीत तीन भाग हायड्रोजन आणि एक भाग नायट्रोजन. हो म्हणण्याआधी हे नीट समजून घ्यायचंय. दाबाने सिरॅमिकमधून वाहणारी उष्णता खरंच बदलते का? किती? मोठा पंप घेतला तर अजून वीज वाचेल का? वर्कशॉपमधल्या मुलांना समजावता येईल असं कुणी लिहिलं तर फार बरं होईल.

घणसोलीकर:

दाब वाढला की पदार्थ घट्ट होतो, अणू जवळ येतात, उष्णता जास्त वाहते. व्हॅक्युममध्ये दाब कमी, म्हणून कमी वाहते. मला तरी सरळ वाटतंय.

उष्मागती:

घणसोलीकर, तुम्ही म्हणता तो परिणाम खरा आहे, पण या भट्टीत तो घडत नाहीये. एका वातावरणाचा दाब काढून घेतल्याने ॲल्युमिना-सिलिकाच्या तंतूंमधले अणू इतके थोडे हलतात की तो फरक कुठल्याही कारखान्यात मोजता येणार नाही. घन पदार्थावरच्या दाबाबद्दल नंतर सविस्तर लिहितो, तो माझ्या आवडीचा भाग आहे. आधी भट्टी.

१२८ घनतेच्या ब्लँकेटमध्ये सिरॅमिक किती असतं? तंतूंची स्वतःची घनता २६०० ते २७०० च्या आसपास. म्हणजे ब्लँकेटचा जेमतेम ५ टक्के भाग सिरॅमिक, बाकी ९५ टक्के पोकळी. त्या पोकळीत जो वायू असेल तोही उष्णता वाहतो. शिवाय तापलेला तंतू पुढच्या तंतूकडे प्रारण, म्हणजे उष्णतेचे किरण, सोडतो. तंतूंच्या आतून आणि एकमेकांना टेकतात तिथून जाणारी उष्णता या दोन्हींच्या मानाने किरकोळ असते.

तुमच्या थरांचं सरासरी तापमान ५०० अंश धरू. त्या तापमानाला अशा ब्लँकेटची उष्णतावाहकता हवेत साधारण ०.१२ वॅट प्रति मीटर-केल्विन असते. त्याच तापमानाला नायट्रोजन वायूची स्वतःची ०.०५ च्या थोडी वर. म्हणजे तुमच्या कवचापर्यंत पोचणाऱ्या उष्णतेचा चाळीसेक टक्के वाटा एकट्या वायूचा आहे. व्हॅक्युमने तो वाटा काढून घेतला की ०.१२ चे ०.०७ होतात. ८० अंशांचं कवच साठीच्या खाली यायला एवढं पुरेसं आहे. तुमचं थर्मोकपल खरंच सांगतंय.

आता मजेशीर भाग. वायूचा दाब निम्मा केला तर त्याची उष्णतावाहकता निम्मी होत नाही. जवळजवळ तेवढीच राहते. वायूच्या स्निग्धतेबद्दल (व्हिस्कॉसिटी) मॅक्सवेलने १८६० मध्ये हेच भाकीत केलं होतं, स्निग्धता दाबावर अवलंबून नसते असं, आणि उष्णता वाहण्याचं गणितही त्याच वळणाने जातं. ऑफिस सुटायच्या वेळी ठाणे स्टेशनच्या पुलावर एका टोकाकडून दुसरीकडे निरोप द्यायचा आहे असं समजा. गर्दी असते तेव्हा निरोप नेणारे पुष्कळ, पण प्रत्येक जण दोन पावलांत कुणालातरी धडकतो. गर्दी निम्मी झाली तर निरोपे निम्मे, पण प्रत्येक जण दुप्पट लांब जातो. एकूण निरोप तेवढेच पोचतात. रेणूने दोन धडकांमध्ये कापलेल्या या अंतराला मुक्तपथ म्हणतात. हवेत, साध्या दाबाला आणि खोलीच्या तापमानाला, तो सुमारे ६८ नॅनोमीटर असतो.

हे कुठवर चालतं? मुक्तपथ वाढत वाढत पोकळीच्या रुंदीएवढा होईपर्यंत. त्यानंतर रेणू दुसऱ्या रेणूऐवजी थेट तंतूवर आपटतो. आता निरोपे कमी केले तर त्याची भरपाई करणारं लांब अंतर उरत नाही, आणि वायूची वाहकता दाबाबरोबर खाली येऊ लागते.

तुमच्या ब्लँकेटमध्ये तंतू ३ मायक्रॉनच्या आसपास जाड असतील तर पोकळ्या ५० ते १०० मायक्रॉनच्या घरात येतात. १ मिलिबार, म्हणजे वातावरणाच्या साधारण हजाराव्या भागाएवढ्या दाबाला, खोलीच्या तापमानात मुक्तपथ ६८ मायक्रॉन. ५०० अंशांना तो तिपटीच्या आसपास. यावरून माझा ढोबळ हिशेब असा: १०० मिलिबारपर्यंत पंप चालवला तर फरक जेमतेम. १० मिलिबारच्या आसपास वायूचा वाटा निम्म्यावर येतो. १ मिलिबारला तो बहुतेक संपलेला असतो. ०.१ च्या खाली गेलात तर इन्सुलेशनच्या दृष्टीने हाती काहीच लागत नाही. मोठा पंप घ्यायचा असेल तर कामाच्या तुकड्यावर ऑक्साईड चढतो म्हणून घ्या, वीज वाचवायला नको.

रबाळे_भट्टी:

उष्मागती सर, मनापासून आभार. १०० मिलिबारला फरक नाही हे आमच्या अनुभवाशी जुळतं. पंप सुरू केल्यावर बराच वेळ काहीच होत नाही असं ऑपरेटर नेहमी म्हणतात, आम्ही ते भट्टीच्या जडपणावर ढकलत होतो.

वागळे_काका:

जडपणाही आहेच, तो विसरू नका. मी वागळे इस्टेटमध्ये सिरॅमिक इन्सुलेटरच्या कामात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. २०० मिमी ब्लँकेटमधून तापमानाची नवी मांडणी बसायला काही तास लागतात. तेव्हा दाब बदलून लगेच कवचाला हात लावून निष्कर्ष काढू नये. कवचाचं तापमान शेडमधल्या पंख्यावर आणि पावसाळी वाऱ्यावरही अवलंबून असतं. त्यापेक्षा भट्टी ९०० वर पूर्ण स्थिरावू द्या आणि मीटरवरून किलोवॅट बघा. तोच खरा तोटा. त्यातूनही दाराची कड, ब्लँकेट धरून ठेवणारे स्टेनलेसचे अँकर आणि हीटरच्या टर्मिनलमधून जाणारी उष्णता वेगळी धरा. ती दाबाने बदलत नाही, सगळ्या दाबांना तेवढीच राहते.

आणखी एक. नवीन ब्लँकेटमध्ये थोडं सेंद्रिय बाईंडर असू शकतं, आणि जुलैत भट्टी दोन दिवस उघडी राहिली तर तंतूंवर भरपूर ओल धरते. पहिल्या तापवणीत ते सगळं बाहेर येतं आणि व्हॅक्युम लागतच नाही. पंपाला दोष देण्याआधी एकदा २०० अंशांवर सावकाश सुकवून घ्या.

खाडीपलीकडे:

व्हॅक्युम कुठल्या गेजने बघता? पिरानी असेल तर एक गोष्ट सांगायलाच हवी. पिरानी गेज दाब मोजतो तो याच गुणावर. आत तापवलेली बारीक तार असते, भोवतीचा वायू तिची उष्णता किती वेगाने नेतो त्यावरून दाब काढतात. वातावरणाच्या जवळच्या दाबांना तो फारसा भरवशाचा नसतो, कारण तिथे वायूची वाहकता दाबाबरोबर बदलतच नाही. उष्मागतींनी वर लिहिलेला आलेखच त्या गेजमध्ये बसलेला आहे.

आणि गेज नायट्रोजनवर लावलेला असतो. हायड्रोजनमध्ये तोच गेज खऱ्यापेक्षा जास्त दाब दाखवतो. क्रॅक्ड अमोनियाच्या कामात हवा काढताना, वायू भरताना गेजच्या आकड्यावर जाऊ नका. दाबाच्या मोजणीला पडद्यावरच्या जोरावर चालणारा कपॅसिटन्स गेज घ्या, त्याला वायू कुठला याच्याशी देणंघेणं नसतं.

रबाळे_भट्टी:

पिरानीच आहे. हे कुणीच सांगितलं नव्हतं. आता हायड्रोजनबद्दल कुणी बोलेल का?

उष्मागती:

हायड्रोजनबद्दल कळकळीने सांगतो, कारण इथे अपघाताचा प्रश्न आहे. खोलीच्या तापमानाला नायट्रोजनची उष्णतावाहकता ०.०२६, आर्गॉनची ०.०१८, हेलियमची ०.१५ आणि हायड्रोजनची ०.१८. हलके रेणू वेगाने पळतात. ५०० अंशांना शुद्ध हायड्रोजनचा आकडा ०.३५ च्या वर जातो. तुमच्या ब्लँकेटचे बाकीचे ०.०७ त्यात मिळवा. हवेत ०.१२ असलेलं इन्सुलेशन शुद्ध हायड्रोजनमध्ये तिपटीहून जास्त उष्णता सोडेल, आणि क्रॅक्ड अमोनियात ढोबळ मानाने दुपटीहून अधिक. म्हणजे तेच ब्लँकेट, तीच जाडी, तेच ९०० अंश, पण कवच १०० च्या पुढे जाऊ शकतं.

आता दाराची ओ-रिंग आठवा. नायट्राईल रबराची असेल तर १०० अंशांच्या आसपासच तिची मर्यादा येते. हायड्रोजनच्या भट्टीत सील पोळणं परवडणारं नाही. फ्लँजला पाण्याचं कूलिंग आहे का, पाणी थांबलं तर भट्टी आपोआप बंद करणारा इंटरलॉक त्याच्या फ्लो स्विचला आहे का, हायड्रोजनआधी आणि नंतर नायट्रोजनने पुरेसं पर्जिंग, म्हणजे आतला वायू हुसकून काढणं, होतं का, हे सगळं सुरक्षेच्या जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय ऑर्डर घेऊ नका. नायट्रोजनवर बेतलेली भट्टी हायड्रोजनवर जशीच्या तशी नेता येत नाही.

वागळे_काका:

शंभर टक्के सहमत. भर घालतो: तापमान अजून वर नेणार असाल तर हायड्रोजन सिलिकालाही खातो. जास्त तापमानाला सिलिकाचं क्षपण होऊन (हायड्रोजन तिच्यातला ऑक्सिजन ओढतो) ती वाफेवाटे निघून जाते, तंतू ठिसूळ होतात. अशा कामाला जास्त ॲल्युमिनाचे फायबर किंवा बबल ॲल्युमिनाच्या विटा वापरतात. ९०० ला ती चिंता कमी, पण ग्राहक उद्या १२०० मागेल तेव्हा आठवण ठेवा.

मृण्मयी_ठाणे:

मी ठाण्यातून एमएस्सी करतेय, भौतिकशास्त्र. सर, पोकळी मुक्तपथापेक्षा लहान केली तर व्हॅक्युम न लावताच वायूचा वाटा कमी व्हायला हवा ना?

उष्मागती:

अगदी बरोबर, आणि तसे बोर्ड बाजारात मिळतात. मायक्रोपोरस बोर्ड म्हणून मागा. अतिबारीक फ्यूम्ड सिलिका दाबून बनवतात, पोकळ्या १०० नॅनोमीटरच्या आत. ६८ नॅनोमीटर मुक्तपथाच्या रेणूला तिथे मोकळं पळताच येत नाही. म्हणून साध्या दाबालाही त्याची वाहकता ०.०२ च्या आसपास असते, म्हणजे स्थिर हवेपेक्षाही कमी. प्रारण अडवायला त्यात टायटानिया किंवा सिलिकॉन कार्बाईडची भुकटी मिसळतात. तोच गाभा व्हॅक्युममध्ये सीलबंद केला की ०.००४ पर्यंत उतरतो.

त्याचा एक फायदा असा की थोडी हवा शिरली तरी इन्सुलेशन लगेच बिघडत नाही. पोकळी जितकी बारीक, तितका जास्त दाब ती सहन करते.

मृण्मयी_ठाणे:

मग चंद्रावरची मातीही हेच दाखवते! चांद्रयान-३ च्या विक्रमवर चास्ते नावाचा तापमापक होता, दहा संवेदकांचा. ऑगस्ट २०२३ मध्ये इस्रोने त्याचा आलेख दिला होता: पृष्ठभागावर ५० अंशांच्या पुढे आणि ८ सेंटिमीटर खाली उणे १० च्या आसपास. सिलिकेटची भुकटी आणि भोवती निर्वात. ८ सेंटिमीटरमध्ये साठ अंशांचा फरक! मला तेव्हा ते आकडे खरे वाटले नव्हते, आता कारण कळलं.

उष्मागती:

सुंदर उदाहरण. हवाच नसल्यामुळे उष्णता फक्त कणाकणांच्या टेकलेल्या टोकांमधून आणि प्रारणाने जाते. अपोलो १५ आणि १७ च्या उष्मामापनातही हेच दिसलं: अगदी वरच्या सैल थराची वाहकता ०.००१ ते ०.००२ आणि खालच्या दबलेल्या थरात ०.०१ च्या आसपास. खाली वाढते कारण वरच्या वजनाने कण एकमेकांवर अधिक दाबले जातात. म्हणजे इथे वायूचा दाब शून्य, आणि कणांवरचा दाब निर्णायक. हवेत तीच माती ठेवली तर वायू सगळं झाकून टाकेल.

नासाच्या स्पेस शटलच्या सिलिका तंतूंच्या फरशाही अशाच. त्यांच्या वाहकतेचे तक्ते तापमान आणि दाब अशा दोन्ही रकान्यांचे असत, कारण परतीच्या वाटेवर सर्वात जास्त ताप होतो तेव्हा बाहेर हवा फारच विरळ असते. रबाळेकर, तुमच्या पुरवठादाराला हा तक्ता दाखवायला हरकत नाही.

ऐरोली_रात्रपाळी:

मी ऐरोलीला डेटा सेंटरमध्ये आहे, भट्ट्यांशी संबंध नाही. पण पॉवर मॉड्युल बदलताना हीटसिंकचे स्क्रू ठरावीक टॉर्कने का आवळायला सांगतात ते आत्ता डोक्यात आलं. मॉड्युलच्या आत ॲल्युमिना किंवा ॲल्युमिनियम नायट्राईडची चकती असते ना?

उष्मागती:

हो. तिथे चकतीची वाहकता टॉर्कने बदलत नाही, सांध्याची बदलते. कितीही घासलेले दोन पृष्ठभाग फक्त टोकाटोकांना टेकतात. जोर वाढवला की टोकं चेपतात आणि टेकणारं क्षेत्रफळ वाढतं. उघड्या कोरड्या सांध्यात ही वाढ जोराच्या ०.९५ व्या घाताने होते, म्हणजे जवळजवळ सरळ प्रमाणात. कूपर, मिकिच आणि योव्हानोविच यांच्या १९६९ च्या कामावरून आलेलं हे सूत्र आजही वापरतात. ग्रीस किंवा पॅड घातल्यावर जोराचा परिणाम कमी होतो, पण नाहीसा होत नाही. फार आवळू नका, सिरॅमिक चकती वाकली की तडकते.

खाडीपलीकडे:

अणुइंधनातही हे सगळं एकत्र येतं. युरेनियम डायऑक्साईडची गोळी म्हणजे सिरॅमिकच. आपल्याकडच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांमध्ये गोळ्यांवरची झिरकॅलॉय या मिश्रधातूची नळी मुद्दाम पातळ ठेवतात. सुमारे १०० बार दाबाचं शीतक तिला बाहेरून गोळीवर चेपून बसवतं, त्यामुळे गोळीतून नळीत उष्णता नीट जाते. उरलेल्या फटीत हेलियम असतो, कारण तो उष्णता चांगली नेतो. पुढे विखंडनातून झेनॉन, क्रिप्टॉन सुटतात. ते जड, त्यांची वाहकता फार कमी. फटीतला वायू बिघडला की गोळी आतून जास्त तापते. म्हणून वायू कुठला आणि सांधा किती दाबलेला, दोन्ही हिशेबात धरावं लागतं.

घणसोलीकर:

सगळं पटलं. पण माझा मूळ प्रश्न शिल्लक आहे. घन सिरॅमिक, एकही छिद्र नाही, सांधा नाही. त्यावर दाब दिला तर?

उष्मागती:

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे आलात.

सिरॅमिकमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन जवळपास नसतात. उष्णता नेतात त्या जाळीतल्या अणूंच्या कंपनलहरी, म्हणजे फोनॉन. वाहकता तीन गोष्टींवर ठरते: लहरी किती ऊर्जा धरतात, किती वेगाने जातात, आणि एकमेकींना धडकण्याआधी किती अंतर जातात. दाब दिला की जाळी ताठ होते, वेग वाढतो. पण मोठा फायदा होतो तो तिसऱ्यात. ताठ जाळीत लहरी एकमेकींशी कमी धडकतात, त्यांचा मुक्तपथ लांबतो. म्हणून घनता एक टक्का वाढली तर वाहकता पाच-सहा टक्के वाढते.

पण घनता एक टक्का वाढवायला किती दाब लागतो ते बघा. मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साईड, याचा आकारमान गुणांक, म्हणजे दाबाखाली आकसायला तो किती विरोध करतो त्याचं माप, सुमारे १६० गिगापास्कल. एक टक्क्याला १.६ गिगापास्कल, म्हणजे जवळपास १६,००० वातावरणं. सगळं मांडलं की मॅग्नेशियाची वाहकता दर गिगापास्कलला सुमारे ४ टक्के वाढते, आणि प्रयोगातही तेवढीच दिसते. ॲल्युमिना अधिक ताठ, गुणांक २५० च्या आसपास, म्हणून तिथे वाढ त्याच्या निम्मीच, दोनेक टक्के. मारियाना गर्तेच्या तळाशी सुमारे १,१०० वातावरणं दाब आहे. तिथे मॅग्नेशियाची वीट नेलीत तर वाहकता अर्धा टक्काही वाढणार नाही. तीच वीट खोलीच्या तापमानावरून १००० अंशांवर नेली तर वाहकता पन्नाशीच्या घरातून सात-आठवर येते. भट्टीवाल्यांनी घन भागापुरतं तापमानाकडे बघावं, दाबाकडे नाही.

हे मोजायचा पहिला मोठा प्रयत्न पर्सी ब्रिजमनने १९२४ मध्ये खडकांवर केला. उच्च दाबाच्या एकूण कामासाठी त्याला १९४६ चं नोबेल मिळालं. आज हिऱ्याच्या दोन टोकांमध्ये केसापेक्षा बारीक नमुना दाबतात, त्यावर धातूचा पातळ लेप देतात, लेझरच्या अतिशय छोट्या स्पंदाने तो तापवतात आणि तो किती चटकन गार होतो ते दुसऱ्या स्पंदाने बघतात. अशाने मॅग्नेशियावर १०० गिगापास्कलच्या पुढेही मोजमाप झालं आहे.

मृण्मयी_ठाणे:

एवढ्या दाबाला मॅग्नेशिया कुणाला लागतो?

उष्मागती:

पृथ्वीला! २,८९० किलोमीटर खाली प्रावरण, म्हणजे कवचाखालचा खडकांचा जाड थर, संपतं आणि द्रवरूप लोखंडी गाभा सुरू होतो. तिथे दाब १३६ गिगापास्कल. प्रावरणाच्या त्या तळाशी मुख्यतः ब्रिजमनाईट नावाचं खनिज आणि लोह मिसळलेला मॅग्नेशियम ऑक्साईड आहे. ब्रिजमनाईट हे नाव त्याच ब्रिजमनवरून. म्हणजे गाभ्याभोवती सिरॅमिकचंच अस्तर आहे, आणि ते किती उष्णता बाहेर जाऊ देतं त्यावर गाभा किती वेगाने निवतो आणि त्यातलं चुंबकीय क्षेत्र किती काळ टिकतं हे ठरतं. दाब वाहकता वाढवतो, तर साडेतीन-चार हजार केल्विनचं तापमान आणि मिसळलेलं लोह तिला खाली ओढतात. त्या खोलीवरच्या वाहकतेबद्दल संशोधकांमध्ये मतभेद आहेत, पण १० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपासचे आकडे जास्त दिसतात. खोलीच्या तापमानाला ॲल्युमिना याच्या तिप्पट देते.

घणसोलीकर:

म्हणजे घन पदार्थापुरतं तरी माझं म्हणणं टिकलं. दाब वाढला की वाहकता वाढणारच.

खाडीपलीकडे:

"वाढणारच" म्हणू नका. बोरॉन आर्सेनाईडमध्ये दाब वाढवल्यावर वाहकता कमी होते. २०२२ मध्ये ३२ गिगापास्कलपर्यंत मोजून हे दाखवलं गेलं. तिथे तीन-तीन फोनॉनच्या धडका आणि चार-चारच्या धडका यांची चढाओढ असते, आणि दाबाने समतोल उलट बाजूला झुकतो. शिवाय दाबाने स्फटिकाची रचनाच बदलली तर वाहकता एकदम उडी मारते, ती वरही असेल, खालीही. पोटॅशियम क्लोराईड २ गिगापास्कलच्या आसपास रचना बदलतं आणि त्याची वाहकता तिथे घसरते.

वागळे_काका:

इतक्या उंचीवरून जरा खाली येतो. आमच्याकडे दाब म्हणजे प्रेसचा. भुकटी साच्यात १०० मेगापास्कलला दाबायची आणि मग भाजायची. नवीन मुलं समजायची की जास्त टन लावले म्हणजे माल जास्त उष्णता वाहील. थेट तसं नसतं. दाबाने कच्च्या मालाची घनता वाढते, त्यामुळे भाजल्यावर छिद्रं कमी उरतात, आणि फरक पाडतात ती छिद्रं. दहा टक्के छिद्रं राहिली तर वाहकता चौदा-पंधरा टक्क्यांनी खाली येते. गोल छिद्रांचा हा हिशेब आहे, चपट्या तडा उष्णतेच्या आडव्या आल्या तर नुकसान कितीतरी जास्त. अति दाबलंत तर तुकडा साच्यातून निघताना थरांमध्ये फाटतो आणि नेमक्या त्याच आडव्या तडा मिळतात.

ॲल्युमिनियम नायट्राईडमध्ये तर प्रेसपेक्षा ऑक्सिजनची अशुद्धी महत्त्वाची. जाळीत ऑक्सिजन शिरला की फोनॉन अडखळतात. म्हणून थोडा यिट्रिया (यिट्रियम ऑक्साईड) घालून भाजतात, तो ऑक्सिजन ओढून कणांच्या कडेला नेतो. भुकटी दमट हवेत उघडी ठेवली तर प्रेस कितीही मोठा असो, उपयोग नाही. आपल्या खाडीकाठच्या हवेत हे फार जपावं लागतं.

खाडीपलीकडे:

काकांच्या आडव्या तडांवरून आठवलं. गॅस टर्बाईनच्या पात्यांवर झिर्कोनियाचा प्लाझ्मा लेप देतात, त्यात मुद्दाम अशा चपट्या तडा असतात. घन झिर्कोनियाची वाहकता सव्वादोन-अडीच, लेपाची एकच्या आसपास. पण तडा मायक्रॉनच्याही आतल्या. १००० अंशांना साध्या दाबात मुक्तपथ त्यांच्याएवढाच असतो, म्हणून प्रयोगशाळेत तडांमधला वायू फार कमी उष्णता नेतो. चालू टर्बाईनमध्ये दाब १५-२० पट. मुक्तपथ तितकाच आखडतो, वायूची पूर्ण वाहकता परत येते आणि लेप मोजला होता त्यापेक्षा जास्त उष्णता आत सोडतो. रबाळेकरांच्या भट्टीत घडतं तेच, उलट्या दिशेने.

रबाळे_भट्टी:

सगळ्यांना नमस्कार. सल्ल्याप्रमाणे भट्टी ९०० वर पूर्ण स्थिर करून किलोवॅट नोंदवले, आधी नायट्रोजनमध्ये, मग दाब टप्प्याटप्प्याने खाली आणत. १०० मिलिबारपर्यंत मीटर जवळपास हलला नाही. १० च्या आसपास स्पष्ट उतरला. १ च्या खाली गेल्यावर पुन्हा सपाट. उष्मागती सरांनी लिहिला होता तसाच आलेख आला. मोठ्या पंपाचं कोटेशन परत केलं.

क्रॅक्ड अमोनियाला या भट्टीत नकार कळवला आहे. ग्राहकाला सांगितलं की त्यासाठी वेगळ्या लायनिंगची आणि पाण्याने गार राहणाऱ्या दाराची भट्टी लागेल. तशी घ्यायची झाली तर पुरवठादाराकडे नेमकं काय मागू?

उष्मागती:

तापमानाप्रमाणे वाहकतेचा तक्ता तुमच्याच वायूसाठी मागा, आणि दाब कोणता धरलाय ते लेखी घ्या. मोजणी कशी केली तेही विचारा. गार्डेड हॉट प्लेट की आयएसओ ८८९४ ची हॉट वायर, आणि कुठल्या वायूत. हवेतला आकडा असेल तर हायड्रोजनसाठी त्यांनी तो कसा बदलला याचा हिशेब मागा. तो हिशेब जमत नसेल तर दुसरीकडे जा.

वागळे_काका:

आणि लायनिंगची जाडी ठरवताना कवचाचं तापमान मे महिन्यातल्या शेडच्या हिशेबाने धरायला सांगा. कोटेशनमध्ये बहुतेक २५ अंश धरलेले असतात. रबाळ्यात पत्र्याखाली ४० सहज असतं.